भूल देणारा हात : एका दुर्लक्षित व्यवसायरोगाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी मला रसायनशास्त्र शिकवले. प्रयोगशाळेतील विषारी द्रव्यांच्या कपाटाची किल्ली ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवीत. पाऱ्याचा एखादा क्षार चिमूटभर काढायचा असला तरी तो आधी तराजूवर तोलला जाई, मग वहीत नोंद होई आणि त्या नोंदीखाली दोन सह्या पडत; एक सरांची, दुसरी प्रयोगशाळेतील सेवकाची. आम्ही मुले त्या दुसऱ्या सहीची थट्टा करीत असू. एकदा धीर करून मी विचारले, "सर, आपल्यावर कोण संशय घेणार?" सर म्हणाले, "ही वही संशयासाठी नाही रे, माझ्या रक्षणासाठी आहे."

त्या वाक्याचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला, आणि तोही फार उशिरा. माझे सारे आयुष्य भूलतज्ज्ञ म्हणून गेले. दुसऱ्याच्या वेदना शमविण्याची द्रव्ये रोज ज्याच्या हातातून जातात, त्याच्यावर त्या द्रव्यांचीच सत्ता कशी चालते, हा आजचा माझा विषय आहे. शाळेच्या व्यासपीठासाठी हा विषय अप्रशस्त आहे असे काहींना वाटेल. परंतु या सभागृहात अनेक डॉक्टर आणि परिचारिका बसल्या आहेत, ज्यांची मुले वैद्यकीय महाविद्यालयात आहेत असे पालकही आहेत. त्यांच्याशी याविषयी बोलण्यास आपल्या माणसांच्या घरासारखी दुसरी जागा नाही.

हैदराबादने विचारलेला प्रश्न

आरंभ आपल्याच गावापासून करतो. आपल्या शाळेपासून कोठीची जुनी रेसिडेन्सी फार दूर नाही. पुढे तेथे महिलांचे महाविद्यालय झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉरी हे तेथील रेसिडेन्सी सर्जन होते आणि हैदराबादच्या वैद्यकीय शाळेची धुराही त्यांच्याकडे होती. ते एडिंबरोचे विद्यार्थी. क्लोरोफॉर्म नीट दिला तर तो निर्धोक आहे आणि रोगी दगावतो तो श्वास थांबल्याने, हृदय बंद पडल्याने नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे त्याने समाधान झाले नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १००० पौंड देऊ केले, 'लॅन्सेट'च्या वतीने सर थॉमस लॉडर ब्रंटन समुद्र ओलांडून येथे आले आणि १८८९ मध्ये दुसरे कमिशन बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष पुन्हा लॉरींच्या बाजूने लागला. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष चुकला. परंतु प्रश्न विचारण्याची हिंमत या शहराने दाखविली, याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही. लॉरींच्याच शिष्यवर्गातील रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषीने येथे क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

भुलीने रोगी का मरतो, हा प्रश्न जगाने इतक्या निष्ठेने विचारला. भूल देणारा का मरतो, हा प्रश्न मात्र त्यानंतरही कित्येक दशके कोणी विचारला नाही. वस्तुतः दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात जन्माला आले होते.

चार दिवसांच्या अंतराने दोन मृत्यू

थोडे मागे जाऊ. १७९९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हम्फ्री डेव्ही हा विशीतला तरुण नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला पुढे 'हसविणारा वायू' म्हणू लागले तो, स्वतःवरच प्रयोग करून तपासत होता. या वायूने वेदना नाहीशी होते आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्याने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिहूनही ठेवले. त्या सूचनेकडे चार दशके कोणी लक्ष दिले नाही. वायूची मौज मात्र लगेच पसरली. डेव्ही स्वतः तो प्रयोगाच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा हुंगत राहिला. भूलशास्त्राचा जन्म व्हायच्या आधीच त्याची छाया अशी जन्मली.

अमेरिकेत हा वायू तमाशासारखा तिकीट लावून दाखविला जाई. १० डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड गावी अशाच एका खेळात होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने पाहिले की वायूच्या अमलाखाली एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला तिचा पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनमध्ये त्याने जाहीर प्रात्यक्षिक केले. परंतु रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. त्यानंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये त्याचा पूर्वीचा सहकारी विल्यम मॉर्टन याने ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक केले आणि कीर्ती त्याच्या गळ्यात पडली.

४ नोव्हेंबर १८४७ रोजी एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण शोधला. तोही मित्रांसह स्वतः हुंगूनच. वेल्सने न्यूयॉर्कमध्ये तेच द्रव्य स्वतःवर वापरण्यास आरंभ केला. आरंभी हेतू संशोधनाचा होता, पण काही दिवसांतच तो त्याच्या अधीन झाला. जानेवारी १८४८ मध्ये त्या उन्मादात त्याने रस्त्यावरील दोन स्त्रियांवर आम्ल फेकले. त्याला अटक झाली. शुद्धीवर आल्यावर आपण काय केले हे त्याला कळले, आणि २४ जानेवारी १८४८ रोजी त्याने तुरुंगातच जीवनाचा अंत केला. वय अवघे तेहेतीस. भुलीचा आद्य संशोधक म्हणून पॅरिसच्या वैद्यक मंडळाने त्याचा गौरव केल्याची वार्ता अमेरिकेत पोहोचली तेव्हा तो या जगात नव्हता.

त्यानंतर चारच दिवसांनी, २८ जानेवारी रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. हॅनाच्या मृत्यूवर साठ वर्षे वाद चालला. समित्या बसल्या, शोधनिबंध निघाले आणि अखेर तो वाद हैदराबादच्या रेसिडेन्सीपर्यंत येऊन पोहोचला. वेल्सच्या मृत्यूवर मात्र एकही समिती बसली नाही. एक मृत्यू शास्त्राचा प्रश्न ठरला, दुसरा एका दुर्दैवी माणसाचे चरित्र ठरला. माझ्या मते हाच या इतिहासातील मूळ दोष होय.

हॉल्स्टेडचे गुपित

दुसरा अध्याय कोकेनचा. सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले आणि काही आठवड्यांत ही वार्ता अटलांटिकपार गेली. न्यूयॉर्कमधील विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड हा तेजस्वी शल्यविशारद आपल्या सहकाऱ्यांसह कामाला लागला. मज्जातंतूच्या जवळ कोकेन टोचले की त्यापुढील सारा भाग बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. आज दाताच्या दवाखान्यात आपण जे इंजेक्शन घेतो त्याचे मूळ येथे आहे. पण सुई टोचायची कोणाला? त्यांनी ती एकमेकांना आणि स्वतःला टोचली. त्यांपैकी कित्येक जण त्यातून पुन्हा वर आले नाहीत. १८८५ मध्ये हॉल्स्टेडने या विषयावर जो लेख छापला, त्याचा आरंभ इतका असंबद्ध आहे की लिहिणाऱ्याची अवस्था त्यातूनच उघड होते.

त्याला प्रॉव्हिडन्स येथील रुग्णालयात ठेवले गेले. कोकेन सोडविण्यासाठी मॉर्फिन देण्यात आले, म्हणजे एक बेडी काढून दुसरी घातली गेली. पुढे मित्र विल्यम वेल्च याने त्याला बाल्टिमोरला नेले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याने आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला. रबरी हातमोजे त्याच्यामुळे आले आणि शल्यविशारदांना टप्प्याटप्प्याने घडविण्याची निवासी पद्धतही त्याच्यामुळेच रुजली. १९२२ मध्ये तो गेला तेव्हा जगाची समजूत अशी होती की त्याने व्यसनावर मात केली. परंतु त्याचे सहकारी सर विल्यम ऑस्लर यांनी एक टिपण मोहरबंद करून ठेवले होते. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कळले की मॉर्फिन त्याने बाल्टिमोरला आल्यावरही पुष्कळ वर्षे सोडले नव्हते.

या कथेचे दोन धडे काढता येतात, आणि ते परस्परविरोधी आहेत. एक असा की व्यसनी डॉक्टर म्हणजे टाकाऊ माणूस नव्हे. वेल्चने हात दिला नसता तर जग केवढ्या कार्याला मुकले असते! दुसरा असा की मित्रांचे मौन हे औषध नव्हे. हॉल्स्टेड तगला, पण त्याच्याबरोबर सुई घेतलेले सगळे तगले नाहीत. आणि जे तगले नाहीत त्यांची नावे कोणत्याही वॉर्डाला दिलेली नाहीत.

हा रोग या व्यवसायातच का?

कोणी म्हणेल, व्यसन तर सर्व क्षेत्रांत आहे. खरे आहे, मद्यपान डॉक्टरांतही आहे आणि वकिलांतही आहे. परंतु १९८७ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातून उपचारासाठी आलेल्या पहिल्या हजार डॉक्टरांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातील एका आकड्याने आम्हा भूलतज्ज्ञांची झोप उडविली. त्या देशातील निवासी डॉक्टरांत भूलशास्त्र शिकणारे होते ४.६ टक्के, उपचारासाठी आलेल्या निवासी डॉक्टरांत मात्र ते होते ३३.७ टक्के.

याची कारणे शोधायला फार खोल जावे लागत नाही. रुग्णालयात अन्यत्र एक डॉक्टर औषध लिहितो, दुसरा माणूस ते कपाटातून देतो, तिसरी परिचारिका ते टोचते. भूलतज्ज्ञाच्या बाबतीत मात्र औषध ठरविणारा, सिरिंजमध्ये भरणारा, टोचणारा, नोंद करणारा आणि उरलेले फेकणारा असा एकच माणूस असतो. सरांच्या वहीवरची दुसरी सही तेथे नसते. त्यात द्रव्ये विलक्षण प्रभावी. १९३९ च्या सुमारास पेथिडिन आले तेव्हा ते व्यसन लावणारे नाही अशी समजूत होती. ती खोटी ठरली. १९६० मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी फेंटानिल बनविले. ते मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी असल्याने अगदी थोडके पुरते आणि लपते. मद्याला माणूस पोखरायला वर्षे लागतात, हे द्रव्य काही महिन्यांतच ते काम उरकते.

याच्या जोडीला रात्रपाळ्यांचा शीण, क्षणात जीवनमरणाचा निर्णय घेण्याचा ताण, काहींच्या रक्तातच असलेली आनुवंशिक प्रवणता, आणि सर्वांत फसवी म्हणजे ज्ञानाची घमेंड. 'मला मात्रा कळते, मी सांभाळीन' असे ज्याला वाटते तोच प्रथम बुडतो. वेल्सलाही मात्रा कळत होती आणि हॉल्स्टेडलाही.

आपल्या मराठीत 'भूल' या एकाच शब्दाला बेशुद्धी, चूक आणि मोह असे तीन अर्थ आहेत. भाषेने जे केव्हाच जोडून ठेवले होते, ते आमच्या शास्त्राने उशिरा मान्य केले.

२०१३ मध्ये अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००९ या काळात भूलशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या ४४,६१२ निवासी डॉक्टरांपैकी ३८४ जण प्रशिक्षणकाळातच व्यसनाधीन झाल्याचा पुरावा सापडला. म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. हा आकडा ऐकून कोणी सुटकेचा निःश्वास टाकील, म्हणून पुढचा सांगतो : त्या ३८४ पैकी २८ जण प्रशिक्षण संपण्यापूर्वीच त्या व्यसनाने मृत्यू पावले. रोग विरळा आहे, पण ज्याला होतो त्याला तो सवड देत नाही.

मी पाहिले आणि गप्प राहिलो

आता जे सांगणार आहे ते मी आजवर जाहीरपणे सांगितलेले नाही. १९८७ साली मी एका मोठ्या रुग्णालयात अध्यापक होतो. रुग्णालयाचे आणि गावाचे नाव घेत नाही. माझ्या हाताखाली एक तरुण निवासी डॉक्टर होता. असा विद्यार्थी दहा वर्षांत एखादाच मिळतो. हात हलका, वाचन अफाट, रोग्यांशी बोलणे मार्दवाचे. इतरांच्या पाळ्या तो आपण होऊन मागून घेई. जेवायला कोणी सोडू लागले तर "राहू द्या सर, मी आहे" म्हणे. सुटीच्या दिवशीही थिएटरात दिसे. आम्ही त्याचे उदाहरण इतरांना देत होतो.

मग काही गोष्टी खटकू लागल्या. ऐन उन्हाळ्यात तो लांब बाह्यांचा सदरा घाली. मधूनच दहा मिनिटे नाहीसा होई. आणि एके दिवशी रिकव्हरीतील वयस्क परिचारिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, डॉक्टरांच्या कागदावर पेथिडिन पुरेपूर लिहिलेले असते; पण त्यांचेच पेशंट का कण्हत येतात हो?"

त्या बाईंनी निदान करून माझ्या हातात दिले होते. मी काय केले? मी म्हणालो, "बघतो." आणि पाहिले नाही. इतक्या गुणी मुलावर आळ कसा घ्यायचा, त्याची नोकरी जाईल, त्याच्या आईवडिलांना काय वाटेल, विभागाची बदनामी होईल. असे विचार मी सहा आठवडे करीत राहिलो. सातव्या आठवड्यात एका पहाटे तो कपडे बदलण्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. कागदावर कारण हृदयविकाराचे लिहिले गेले. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी त्या कागदावर विश्वास ठेवला, किंवा तसे दाखविले. ते मला नमस्कार करून म्हणाले, "आपण त्याला फार जपलेत."

मी त्याला जपले नव्हते. मी माझी अडचण जपली होती. सरांच्या वहीतील दुसरी सही म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. ती सही माझी असायला हवी होती. आणि ज्या रोग्यांच्या वाट्याचे औषध त्या काळात त्यांना मिळाले नाही, त्यांच्या वेदनेचाही काही हिशेब माझ्याकडे लागतोच.

मग करायचे काय?

१९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आजारी डॉक्टरांसंबंधी एक निवेदन काढले. सहव्यावसायिकाचा आजार ओळखून त्याला उपचाराकडे नेणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, असा विचार त्यात मांडला होता. त्यातून राज्याराज्यांत डॉक्टरांसाठी उपचार आणि देखरेखीच्या योजना उभ्या राहिल्या. २००८ मध्ये अशा सोळा योजनांतील ८०२ डॉक्टरांचा पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६३१ जण पाच वर्षांनी परवान्यासह काम करीत होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात इतके यश दुर्मीळ आहे. याचे कारण डॉक्टर फार शहाणे असतात हे नव्हे, तर उपचार दीर्घ होते, लघवीची तपासणी वर्षानुवर्षे होत होती आणि परवाना पणाला लागलेला होता.

मात्र बरा झालेला भूलतज्ज्ञ पुन्हा त्याच टेबलाशी उभा करावा काय, हा प्रश्न आजही वादाचा आहे. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात अफूवर्गीय इंजेक्शनांच्या व्यसनातून उठून भूलशास्त्राच्या प्रशिक्षणात परतलेल्यांपैकी केवळ ३४ टक्केच यशस्वी ठरले, आणि काहींच्या बाबतीत व्यसन पुन्हा जडल्याचे पहिले लक्षण मृत्यू हेच होते. त्याचे शारीरिक कारण सरळ आहे. सवयीने शरीर मोठी मात्रा सोसते. काही महिने संयम पाळला की ती सोसण्याची शक्ती ओसरते, मन मात्र जुनीच मात्रा लक्षात ठेवते. म्हणून माझे मत असे की अशा तरुणाला सन्मानाने दुसऱ्या शाखेत नेणे हीच बहुधा खरी दया. त्याची डॉक्टरकी वाचवावी. तीच बाटली पुन्हा त्याच्या हाती देण्याचा हट्ट धरू नये.

आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने अफूवर्गीय द्रव्यांची नोंद सक्तीची केली. २०१४ मधील दुरुस्तीने वेदनाग्रस्तांना ही औषधे सुलभ व्हावीत अशी तरतूद केली, आणि ती आवश्यकच होती. कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिन नाकारणे हा काही व्यसनावरचा उपाय नव्हे. परंतु कायदा कुलपाची काळजी घेतो, माणसाची नाही. प्रोपोफॉलसारखे भुलीचे औषध अफूवर्गीय नसल्याने पुष्कळ ठिकाणी उघड्या ट्रॉलीवर असे. २००७ मध्ये अमेरिकेतील प्रशिक्षण विभागांची पाहणी झाली तेव्हा १८ टक्के विभागांत त्याचा गैरवापर झालेला आढळला.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. उरलेले औषध दोघांच्या डोळ्यांदेखत नष्ट व्हावे, आणि वही दोघांच्या सहीची असावी. कागदावरची मात्रा आणि रोग्याचे कण्हणे जुळत नसेल तर ते सांगणाऱ्या परिचारिकेला चहाडखोर समजू नये. ज्याच्यावर संशय आहे त्याला एकट्याने गाठून विचारू नये आणि विचारल्यावर एकटे सोडू नये. उघडकीस आल्यानंतरची पहिली रात्र सर्वांत धोक्याची असते. त्याला त्याच दिवशी, हात धरून, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. आणि हे सारे घडण्याच्या आधी, प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात, वेल्सची आणि हॉल्स्टेडची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी. मला ती कोणी सांगितली नव्हती. मी माझ्या विद्यार्थ्याला ती सांगितली नव्हती.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी थकलेल्या आवाजात घरी फोन करते तेव्हा "एवढे शिकून कसला कंटाळा?" असे म्हणू नका. "काय होतेय ते सांग, आम्ही रागावणार नाही," एवढे म्हणून ठेवा. ते वाक्य कोणत्या रात्री उपयोगी पडेल, हे आपल्याला ठाऊक नसते.

त्या परिचारिकाबाई निवृत्त होऊन अनेक वर्षांपूर्वी वारल्या. त्यांनी मला पुन्हा कधीच त्या मुलाविषयी विचारले नाही. मी मात्र त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या प्रत्येक नोंदीखाली दुसऱ्या कोणाची तरी सही मागून घेत असे. तरुण सहकारी कधी हसून विचारीत, "सर, आपल्यावर कोण संशय घेणार?" मी त्यांना या शाळेतल्या एका वहीची हकीकत सांगत असे.